गाज ऐकू येते, समुद्र दिसत नाही : मुरूडच्या एका घरगुती निवासाचा अनुभव

मुरूड (ता. दापोली, जि. रत्नागिरी) येथील एका घरगुती निवासात गेल्या माघ पौर्णिमेच्या सुमारास आम्ही तीन रात्री राहिलो. आम्ही म्हणजे मी, माझे यजमान आणि माझी ७८ वर्षांची आई. आईचे गुडघे दुखरे आहेत. सपाट रस्त्यावर ती काठी घेऊन सावकाश चालते, पण चढउतार तिला झेपत नाही. दोन खोल्यांचे रात्रीचे ३,२०० रुपये आम्ही दिले आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाचे वेगळे. खोल्या स्वच्छ होत्या, गरम पाणी बंबाचे होते, जेवण घरचे आणि भरपूर होते. कुळथाचे पिठले आणि सोलकढी आई अजून आठवते. या गोष्टी इतरांनीही लिहिल्या आहेत, म्हणून त्या इथेच थांबवते. मला लिहायचे आहे ते या घराच्या जाहिरातीविषयी, कारण घर नेमके कुठे आहे हे इतक्या सरळपणे सांगणारी जाहिरात मी कोकणात याआधी पाहिली नव्हती.

जाहिरातीच्या पहिल्याच परिच्छेदात घराच्या मालकीण काकूंनी लिहिले होते : ‘आमचे घर मुरूड गावात आहे, दापोली शहरात नाही. गावाच्या मुख्य रस्त्याच्या ज्या बाजूला समुद्र आहे, त्या बाजूला आमचे घर नाही. डोंगराकडच्या बाजूला आहे. खोलीतून समुद्र दिसत नाही. पुळणीवर जायला रस्ता ओलांडून आगरांमधल्या पाखाडीने चालत बारा मिनिटे लागतात. गाडी दारापर्यंत येत नाही, देवळाजवळ लावावी लागते आणि तिथून घरापर्यंत ऐंशी पावले आहेत. पाखाडीला पायऱ्या नाहीत, पण जांभ्याचे चिरे पावसाळ्यात निसरडे होतात.’ (पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू, आगर म्हणजे माड-पोफळीची बाग आणि पाखाडी म्हणजे चिऱ्यांची पायवाट.) त्याखाली पत्ता होता, आपण पोस्टकार्डावर लिहीत आलो त्या पद्धतीचा : मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड.

ही जाहिरात वाचून मी लगेच फोन केला, कारण मला खात्री करून घ्यायची होती. समुद्र अजिबातच दिसत नाही का, असे विचारल्यावर काकू म्हणाल्या, “नाही हो ताई. माडाचे शेंडे दिसतात. रात्री वारा पडला की गाज मात्र ऐकू येते. समुद्र दिसायलाच हवा असेल तर रस्त्याच्या पलीकडे दोन-तीन जणांची घरं आहेत, त्यांचे नंबर देऊ का?” दुसऱ्याच्या घराचा नंबर द्यायला तयार असलेल्या बाईंकडेच राहायचे, हे मी तेव्हाच ठरवले.

मी इतकी चौकशी का केली हे कळायला दोन वर्षांपूर्वीचा प्रसंग सांगितला पाहिजे. तेव्हा आम्ही याच तालुक्यात एक बंगला तीन दिवसांसाठी घेतला होता. त्याचे आणि मालकाचे नाव मी इथे घेत नाही. जाहिरातीत ‘दापोली बीचपासून पाच मिनिटांवर’ आणि ‘समुद्राचे दर्शन’ असे लिहिले होते. ‘दापोली बीच’ हे शब्द वाचताच मला शंका यायला हवी होती, कारण दापोली हे गाव समुद्रावर नाहीच. ते डोंगरमाथ्यावरचे थंड हवेचे गाव आहे. इंग्रजांनी तिथे छावणी वसवली आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही ‘कॅम्प दापोली’ असते. कोकण कृषी विद्यापीठ तिथलेच. समुद्रावर आहेत ती तालुक्यातली खालची गावे : केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर, कोळथरे, दाभोळ. दापोलीच्या बाजारपेठेतून यांपैकी कुठेही जायचे तर घाट उतरावा लागतो. हे सगळे मला माहीत होते, तरीही ‘पाच मिनिटे’ हे शब्द वाचून मी पैसे भरून मोकळी झाले.

बंगला निघाला सड्यावर. ज्यांनी कोकणचा किनारा फक्त नकाशात पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते, कारण फसवणुकीचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. आपल्या किनाऱ्याला समुद्राच्या अगदी जवळ जांभ्या कातळाचे पठार असते, त्याला सडा म्हणतात. सड्याच्या कडेवरून समुद्र पायाशी असल्यासारखा वाटतो आणि नकाशावर सरळ रेघ मारली तर अंतर भरते आठशे-नऊशे मीटर. पण त्या रेघेवरून माणूस चालू शकत नाही, कारण मध्ये कातळाची कड असते, काजूची आणि करवंदीची जाळी असते, आणि उतरायला असलीच तर एखादी घाटी असते, जी गुरामागे जाणाऱ्या पोराला जमते पण गुडघे दुखणाऱ्या बाईला जमत नाही. गाडीने जायचे तर रस्ता वळसे घेत जातो. आमच्या बंगल्यापासून किनाऱ्यापर्यंत गाडीच्या आकड्यांवर सात किलोमीटर भरले. समुद्राचे दर्शन म्हणजे गच्चीवर उभे राहिल्यावर दोन काजूंच्या मधून दिसणारी बोटभर निळी पट्टी होती.

मालकांना फोन केला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “ताई, गाडीने निघालात तर पाच मिनिटांत तुम्ही बीच रोडला लागता, आणि तालुका दापोलीच आहे ना?” दोन्ही विधाने अक्षरशः खरी होती. आईला मात्र तीन दिवसांत एकदाच समुद्रावर नेता आले, तेही भर दुपारी, कारण संध्याकाळच्या अंधारात तो घाट पुन्हा चढायला आमच्या गाडीचा चालक तयार नव्हता. ती लहानपणी आजोळी श्रीवर्धनला जायची. समुद्रात घोट्यापर्यंत पाय बुडवून उभे राहायचे, एवढीच तिची इच्छा होती. परत येताना ती काहीच बोलली नाही, आणि त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

त्या अनुभवानंतर मी अनेक जाहिराती तपासून वाचल्या आणि माझे मत असे झाले की उघड खोटे बोलणारे घरमालक थोडे असतात, अर्धे खरे बोलणारे फार असतात. लोक शोधताना ‘दापोली’ असे टाइप करतात, ‘कर्दे’ किंवा ‘कोळथरे’ असे करत नाहीत. म्हणून मालक गावाचे नाव गाळून तालुक्याचे नाव पुढे करतो. अलिबागच्या बाबतीतही हेच होते. मांडवा, किहीम, नागाव, चौल, रेवदंडा ही सगळी अलिबाग तालुक्यातलीच गावे, पण मांडव्याच्या धक्क्यावर उतरून जवळच राहायचे ठरवलेल्या माणसाला ‘अलिबाग’ म्हणून रेवदंड्याचे घर मिळाले तर तालुक्याचे एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला जावे लागते. मालकाची अडचण मला समजते. शोधात नाव यायला हवे, ही त्याची गरज खरी आहे. पण त्यासाठी गावाचे नाव लपवायची गरज नाही. ‘मुरूड, तालुका दापोली’ असे लिहिले तरी शोधणाऱ्याला ते घर सापडतेच, हे या काकूंनी दाखवून दिले आहे.

मुरूडच्या बाबतीत तर तालुका आणि जिल्हा लिहिलाच पाहिजे, कारण कोकण किनाऱ्यावर मुरूड दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यातले, जंजिऱ्याचे मुरूड, आणि दुसरे हे, हर्णैजवळचे, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे मुरूड. दोन्ही किनाऱ्यावर, दोन्हीकडे माडा-पोफळीची आगरे, दोन्हीकडे जवळच जलदुर्ग, तिकडे जंजिरा आणि इकडे सुवर्णदुर्ग. मधे राजपुरीची खाडी आहे आणि सावित्रीचीही. काकूंनी मला सांगितले की वर्षातून एखादे कुटुंब तरी जंजिऱ्याच्या मुरूडला पोहोचून तिथून फोन करते, “आम्ही आलो, तुमचं घर कुठे?” आणि मग त्यांची संध्याकाळ रस्त्यावर जाते. म्हणून पैसे घेण्याआधी त्या प्रत्येकाला विचारतात : “रत्नागिरी जिल्ह्यातलं मुरूड, हे माहीत आहे ना?” मलाही त्यांनी ते विचारले.

खाड्यांचा प्रश्न याच्याही पुढचा आहे. दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले तर पलीकडचा गुहागर तालुका हाकेच्या अंतरावर दिसतो. धोपाव्याला जाणारी फेरीबोट गाड्यांसकट काही मिनिटांत पलीकडे नेते. पण फेरी चुकली तर त्याच ठिकाणी पोहोचायला चिपळूणकडून खाडीला वळसा घालावा लागतो, म्हणजे अर्धा दिवस गेला. उत्तरेला बाणकोटच्या खाडीवर वेसवी ते बागमांडला अशी फेरी आहे. तिच्यामुळे मंडणगड तालुक्यातल्या घरमालकाला ‘हरिहरेश्वर जवळच’ असे लिहिता येते. तसे लिहायला हरकत नाही. फक्त ‘फेरीबोटीने’ हा शब्द त्या वाक्यात असला पाहिजे, आणि शेवटची फेरी किती वाजता सुटते तेही.

संकेतस्थळे आणि ॲप यांच्याविषयीही लिहिले पाहिजे. बऱ्याच ठिकाणी बुकिंग पक्के होईपर्यंत घराची नेमकी जागा दाखवत नाहीत. नकाशावर एक वर्तुळ दाखवतात आणि घर त्यात कुठेतरी आहे असे सांगतात. यामागचे कारण मला मान्य आहे. एखाद्या बाईचे राहते घर, तिच्या दाराचा नेमका बिंदू, कोणाही अनोळखी माणसाला दिसावा असे मी म्हणणार नाही. पण कोकणात त्या वर्तुळात सडाही मावतो आणि पुळणही मावते, आणि त्या दोहोंत शंभर मीटरची उंची आणि सात किलोमीटरचा रस्ता असू शकतो. दार लपवावे, गाव, वाडी, रस्त्याने लागणारे अंतर आणि चढ लपवू नये. तेवढ्याने कोणाची सुरक्षितता कमी होत नाही.

आता या घरातले आमचे तीन दिवस. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगड असे आलो. काकूंनी आदल्या दिवशीच फोनवर जागा पाठवली होती आणि सोबत लिहिले होते, ‘नकाशा शेवटी तुम्हाला डावीकडच्या बोळात वळायला सांगेल, तिथे वळू नका, तो बोळ गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, संपतो. सरळ देवळापर्यंत या.’ नकाशाने खरोखर डावीकडे वळायला सांगितले आणि आम्ही सरळ गेलो. देवळाजवळ काकूंचा मुलगा उभा होता. तिथून घरापर्यंतची पावले माझ्या यजमानांनी सहज मोजली तर चौऱ्याऐंशी भरली.

घर जुने, कौलारू, पुढे पडवी आणि पडवीत झोपाळा. मागे पोफळी, तिच्यावर चढवलेले मिरीचे वेल आणि पाटाचे पाणी. खोलीच्या खिडकीतून डोंगर दिसतो, समुद्र दिसत नाही, हे आम्हाला आधीच माहीत असल्यामुळे त्या डोंगराकडे आम्ही आनंदाने पाहू शकलो. याचा मी पुढेही बराच विचार केला. समुद्र दिसेल असे सांगून हीच खोली दिली असती तर आम्ही तीन दिवस त्या डोंगराकडे तक्रारीच्या नजरेने पाहिले असते. रात्री जेवणे झाल्यावर वारा पडला आणि अंगणात गाज ऐकू आली. आई झोपाळ्यावर बसून बराच वेळ ऐकत होती.

पहिल्या संध्याकाळी समुद्रावर निघताना काकूंनी विचारले, “आजींना पाण्यापर्यंत जायचंय ना? मग थोडं थांबा.” त्यांनी बोटांवर हिशेब केला. कोकणातल्या घरांत हा हिशेब तोंडपाठ असतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. “पौर्णिमेची ओहोटी आहे, पाणी खूप आत जाईल. पुळणीवर पोचल्यावर पाण्यापर्यंत अजून दोन-तीनशे पावलं चालावं लागेल आजींना. आज साडेसातला चांदण्यात जा, पाणी अलीकडे आलेलं असेल. नाहीतर उद्या सकाळी दहाच्या सुमारास, भरती होत आलेली असते, पाणी जवळ येतं.” समुद्रापासूनचे अंतर दिवसातून चार वेळा बदलते आणि ते सांगणे हासुद्धा घराचा पत्ता सांगण्याचाच भाग आहे, असे मला त्या अंगणात पहिल्यांदा जाणवले. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो.

पाखाडी जशी सांगितली होती तशीच निघाली. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर माडांची सावली, पायऱ्या एकही नाही. मधे एका ठिकाणी चिरा उखडला होता, तिथे काकूंच्या मुलाने आईचा हात धरला. सुरूच्या झाडांखालून पुढे पुळण लागली. आईने चपला काढून काठी माझ्याकडे दिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून ती पाण्यात उभी राहिली. लाट आली की पायाखालची वाळू सरकते आणि टाचा रुतत जातात. प्रत्येक लाटेला ती “अगं बाई” म्हणत होती. आम्ही तिथे पाऊण तास होतो. त्यानंतर दोन्ही दिवस तीच वेळ साधून गेलो.

दोन उणिवा सांगते, म्हणजे हे लिहिणे एकतर्फी होणार नाही. जाहिरातीतली बारा मिनिटे ही काकूंच्या चालीची आहेत. आईला एका वेळेला बावीस ते पंचवीस मिनिटे लागली आणि वाटेत बसायला जागा नाही. दुसरे म्हणजे जाहिरातीच्या शेवटी ‘हर्णै बंदराचा मासळीचा लिलाव जवळ’ असे एक वाक्य होते. हर्णैचा लिलाव पाहण्यासारखा आहे हे खरे, पण तिथे जायला गाडी लागते, आणि स्वतःची गाडी नसेल तर रिक्षा आधी सांगून ठेवावी लागते. बाकी सगळी जाहिरात मिनिटांत आणि पावलांत लिहिलेली असताना या एकाच जागी ‘जवळ’ हा शब्द आला होता, म्हणून तो मला जास्त टोचला. निघताना मी काकूंना दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्या वाईट वाटून न घेता वही घेऊन आल्या आणि त्यांनी ते लिहून घेतले.

ज्यांना माझ्यासारखा आधीचा अनुभव आला असेल त्यांच्यासाठी एवढे सांगते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेचे खोटे वर्णन करणे आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणे हे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत बसते, आणि घर नेमके कुठे आहे याहून महत्त्वाची माहिती अशा सेवेत दुसरी कोणती असणार? तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची असते. घर कोकणात असले तरी ती आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलता येते. मी त्या वेळी हे केले नाही. तीन दिवसांच्या सुट्टीसाठी कोण भांडत बसणार, असा विचार केला, आणि तो बंगला अजूनही ‘बीचपासून पाच मिनिटांवर’ आहे हे पाहून मला त्याचा पश्चात्ताप होतो. जाहिरातीची चित्रे (स्क्रीनशॉट) तेव्हा जपून ठेवली असती तरी पुढे उपयोग झाला असता. पैसे भरण्याआधी फोनमध्ये ती चित्रे घेऊन ठेवावीत, कारण नंतर मजकूर बदलू शकतो.

आणि विचारताना ‘किती लांब आहे’ असे विचारू नये. गावाचे नाव काय, पिनकोड काय, गाडी कुठपर्यंत येते, समुद्रावर चालत जाताना चढ किंवा पायऱ्या आहेत का, मधे खाडी आहे का, रात्री दिवे असतात का, असे एकेक विचारावे. खरे सांगणाऱ्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. आमच्या काकूंनी तर मी न विचारलेलेही सांगितले : गावात फोनची रेंज एकाच कंपनीची नीट मिळते, आणि रात्री-बेरात्री कोणाला बरे वाटले नाही तर मोठे सरकारी रुग्णालय दापोलीला आहे, घाट चढून जावे लागते, तेव्हा आजींची औषधे जास्तीची घेऊन या.

हे लिहायला बसण्याआधी मी त्यांची जाहिरात पुन्हा उघडून पाहिली. ‘जवळ’ हा शब्द काढलेला आहे. त्या जागी आता लिहिले आहे : ‘हर्णै बंदर गाडीने, रिक्षा आदल्या दिवशी सांगावी.’ आणि बारा मिनिटांच्या पुढे कंसात भर घातली आहे : ‘सावकाश चालणाऱ्या आजी-आजोबांना पंचवीस. वाटेत बसायला आम्ही एक बाक ठेवला आहे.’